येणे बाकी

कुपवाडच्या एमआयडीसीत, वजनकाट्यासमोरच्या भिंतीवर
ऑल्व्हेन हे नाव मी काढलं.
सहाशे चाळीस चौरस फूट. दर ठरलेला, चहा वेगळा.

इंग्रजी अक्षरांचं त्यांच्याकडे पुस्तक होतं,
निळा किती निळा, गोल किती गोल,
समुद्रापलीकडून चाळीस पानं आली.
मग सरकारचा कागद आला : मराठीत हवं, तेवढंच मोठं हवं, आणि वर हवं.
मराठीचं पान त्या पुस्तकात नव्हतं.
साहेब म्हणाले, शौकतभाई, तुम्हीच बघा.

दोन रात्री भुईवर खडूनं 'ऑ' गिरवला.
कान्याला जरा कंबर दिली,
ल्व्हे जोडताना श्वास धरला,
चंद्र ठेवला तो हळदीच्या पेवावर झाकण ठेवतात तसा,
अलगद.

पुढं दिल्लीचं आणि त्यांचं बिनसलं.
कर म्हणे, माहिती म्हणे, सीमेवरचं काहीतरी म्हणे.
पेपरात पहिल्या पानावर दोन्हीकडचे कोट हात मिळवत होते,
सातव्या पानावर खाती गोठली होती.
माझे अकरा हजार तीनशे त्या बर्फात.

संध्याकाळी पोरं आली, डांबराची बादली घेऊन.
ओळखीचीच. नरसू ढोबळ्याचा धाकटा पुढं,
त्यांच्या दुकानाची पाटीही माझीच.
बोट दाखवून म्हणाला, काका, हा वरचा चंद्र कुणाचा?
म्हटलं, डॉक्टरातला. कॉलेजातला.
तू भरतीसाठी पहाटे पळतोस ना, त्या बॉर्डरवरचा.
तो हसला नाही.
ब्रश मात्र खाली घेतला,
खालच्या इंग्रजीला फासून सगळे परत गेले.

आठवड्यानं तहसीलचा माणूस.
आधी चुना लाव, मग लिही :
'सदर मालमत्ता शासनजमा', लाल रंगात, आजच्या आज.
लाल माझ्याकडे होता, कंपनीचाच उरलेला.
बिल कुणाच्या नावे, विचारलं.
मार्चनंतर बघू, म्हणाला.

गेटवर गुरव वॉचमन अजून बसतो,
कुणाचा वॉचमन ते त्यालाही ठाऊक नाही.
आत मशिनं गार.
बोलणी चालू आहेत म्हणतात,
कुठल्या भाषेत कोण जाणे.

मी अधूनमधून सायकल थांबवतो.
चुन्याखालून माझा ऑ वर येतोय,
ऊन चढेल तसा ठळक.
वहीत लिहून ठेवलंय एकाखाली एक :
ऑल्व्हेन, अकरा हजार तीनशे.
सरकार, नऊशे.
तिसऱ्या ओळीत नुसता चंद्र काढलाय,
पुढची रक्कम कोरी.