मधली सीट

तुषारनं फोनवर सांगितलं, सीट सतरा इंचांची.
मी टेप काढली.
अर्ध्या सिडकोच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत,
स्वतःचं घ्यायची ही पहिली वेळ.
आकडा कुणाला सांगितला नाही.
साडी नको एवढं ठरवलं.
निऱ्याच दोन इंच खातात.

तिकीट एकच निघालं.
बाळंतपणाला आई लागते, बाप नंतर आला तरी चालतो,
असं हर्षदा म्हणाली, आणि हे हसले,
आणि लगेच म्हणाले, तालीम करू.

मंगळवारी मशीन झाकून ठेवली.
मंडळाच्या तीन प्लास्टिक खुर्च्या आणल्या ह्यांनी,
त्यांचे हात एकमेकांना सुतळीनं आवळले,
म्हणजे दोघांत एकच दांडा.
खिडकीत चिवड्याचा डबा, पोटाला नाडी बांधलेला.
कडेला हे. मधे मी.
पुढ्यात इस्त्रीचं टेबल, गुडघ्यांना लागेल इतकं जवळ.
मुंबई ते नैरोबी सहा तास.
ह्यांनी गजर लावला.

एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले ह्यांनी.
विमानात बसले कधीच नाहीत.
"आमच्याकडे एक सीट, फार तर दोन,
त्याही एकामागे एक," म्हणाले,
"शेजार ही भानगडच नव्हती."

हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.
दांड्यावर ह्यांचं कोपर आधीच होतं,
म्हणून मी हात मांडीवर घेतले,
फोटो काढताना घेतात तसे.
"असं नाही. मधल्या माणसाचा दोन्हीकडे हक्क असतो,
तुषार सांगत होता. ढकल."
ढकललं.
कोपर मागे सरकलं.
इतकं सोपं होतं, हे मला तेहतीस वर्षांनी कळलं.

मग हे उठून वाढपी झाले.
स्टीलच्या डब्यात वरणभात, कोपरं पोटाशी धरून खायचा.
"व्हेज की नॉनव्हेज, मॅडम?"
मला मॅडम कुणी म्हणत नाही,
पैसे बुडवणाऱ्यासुद्धा ताई म्हणतात.

बाथरूमला जायचं होतं. म्हटलं, "उठा."
"तिथे उठा चालणार नाही. एस्क्यूज मी म्हण."
म्हटलं. हे उठले.
परत आले तेव्हाही म्हणायला लावलं.

मधेच ओझरचं एक विमान डोक्यावरून गेलं,
फडताळातल्या वाट्या किणकिणल्या.
वर न बघता हे म्हणाले, "वळतंय आता."
आणि आवाज खरंच वळला,
गंगापूर धरणाकडे कुठेतरी विरून गेला.
मी विचारलं, पंख तुटत नाहीत ना हो?
"वाकतात. वाकायलाच हवेत," म्हणाले.
"घाबरू नकोस. खिडकीतून दिसलं तर बघत राहा."
मला खिडकी कुठे आहे? तिथे चिवडा बसलाय.

चारच्या सुमाराला ह्यांची मान कलली.
आधी थोडी, मग सगळी, माझ्या खांद्यावर.
एका पलंगाच्या दोन कडांना झोपणारी माणसं आम्ही.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
तरी केसांना अजून ऑइलचा वास येतो,
हे आजवर लक्षात आलं नव्हतं.
उद्या या खांद्यावर कुणाचं डोकं येईल कोण जाणे.
आलं तर येऊ दे.
हे मात्र इथे, तीन खुर्च्या सोडवून परत देतील,
आणि भात एका माणसाचा लावायला शिकतील.

खांद्याला मुंग्या आल्या.
गजराला दोन तास होते.

बेल वाजली. मग दार.
"ताई, ब्लाउज झाला का? आज देते म्हणाला होतात!"
बोरस्तेबाईंचा आवाज. दिवा दिसतोय, चपला दिसतायत,
मी घरात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक.
मी हलले नाही.
विमान हवेत होतं.
हवेत असताना दार उघडत नाहीत.