दीड तास मागे

आई गेली त्याला आज अकरा दिवस.
साठ दिवसांचा व्हिसा तिने पुरता वापरला,
शेवटच्या रात्रीही दुपट्यांच्या घड्या घालत बसली,
घड्या संपल्याशिवाय जणू विमान सुटणार नव्हतं.

फराळाचे डबे धुऊन पालथे घातलेत.
एकात चकलीचे तुकडे होते, मऊ पडलेले.
समुद्र दोन गल्ल्या सोडून आहे,
अजमानमध्ये काहीच फार दिवस कुरकुरीत राहत नाही.

निनाद पहाटे पाचला निघतो.
मग मी आणि शर्वरी.
परवा एसी बंद केला, हवा बरी झाली म्हणून,
आणि कळलं,
सहा महिने ती घरघरच सोबत करत होती.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
तिला छातीशी घेते, ती चोखू लागते,
आणि पान्हा यायच्या आधी,
फार तर अर्धा मिनिट,
माझ्यातून काहीतरी खाली जातं,
लिफ्ट एकदम दोन मजले उतरावी तसं.
कारण काही नसतं.
नुसतं वाटतं, मागे काहीतरी राहिलं:
चालू गॅस, किंवा एखादं माणूस.
मग दूध येतं.
तिच्या घशात गटगट सुरू होतं
आणि मी परत माझ्या मजल्यावर.

आपल्या भाषेत पान्ह्याला शब्द आहे.
त्याच्या आधीच्या या अर्ध्या मिनिटाला नाही.

दिवाळीतही व्हायचं हे,
पण तेव्हा दाराआडून आई विचारायची, पितेय का गं?
कढईत काहीतरी चरचरायचं,
निनाद माळेचा एक बंद दिवा शोधत बसलेला असायचा,
त्या गलबल्यात बुजून जायचं.
आता त्याला काठ उरला नाही.
सकाळच्या नऊच्या पाजण्यातलं
दुपारी बारापर्यंत सांडत राहतं.

समोरच्या इमारतीवर कालपासून
हिरव्या, लाल, पांढऱ्या दिव्यांच्या माळा चढतायत.
त्यांचा राष्ट्रीय दिन दोन डिसेंबरला.
आमचा आकाशकंदील अजून गॅलरीत,
एका बाजूचा कागद उन्हाने उडालाय.
खालचा रफीकुल मान वर करून म्हणाला,
भाभी, उतारना है तो मैं आता हूँ.
म्हटलं, राहू दे दोन दिवस.
असं मी तिसऱ्यांदा म्हटलं.

संध्याकाळी फोन येतो.
तिकडे साडेसहा, इकडे पाच.
तिने दिवा लावलेला असतो,
माझ्या भिंतीवर अजून ऊन.
दीड तास आधी वापरलेला दिवस
ती माझ्याकडे पाठवते, चुरगळलेला, ऊबदार.
बरी आहेस ना?
दूध भरपूर आहे, मी सांगते.
वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर.

आज मात्र बोलून गेले.
अर्धा मिनिट, लिफ्ट, गॅस, सगळं.
वाटलं, म्हणेल, अळिवाचे लाडू खातेस ना,
किंवा, फार विचार करतेस तू.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
स्क्रीनवर नुसतं छत आणि तिचा अर्धा कान.
मग म्हणाली,
तुझ्या वेळी मला व्हायचं.
पलंगासमोर कॅलेंडर होतं,
त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडलेले.
मी एक तारखेपासून मोजत जायचे.
सतरापर्यंत आलं की दूध यायचं.
कधी वीस.
तीस कधीच मोजावे लागले नाहीत.

तू कुणाला सांगितलं नाहीस?
काय सांगायचं, ती म्हणाली,
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

रात्री पावणेतीन.
शर्वरी तोंड लावते, मी पडदा सारते.
समोर माळा लुकलुकतायत.
मोजायला सुरुवात करते, डावीकडच्या हिरव्यापासून.
लिफ्ट उतरते, उतरू देते.
सात. आठ. एक दिवा गेलेला, तोही धरते.
तेरा.
चौदाव्याला तिचा घसा वाजला.

तिकडे सव्वाचार.
आई अजून तासाभराने उठेल.
तेव्हा सांगेन, चौदा.