पूर्ण्यात मंचकराव परत आले तेव्हा

मालिकेतला मेलेला नवरा परत आला
तेव्हा आधी वारा सुटला, मग समई विझली,
मग दारात बूट दिसले. पुन्हा बूट. तिसऱ्यांदा बूट.
तोंड काही दाखवेनात.

चौत्राबाई माझ्या दुकानात
अस्तराच्या गठ्ठ्याला टेकून बघायची.
"असं कुठं असतंय का माय," म्हणायची
आणि एक भाग चुकवायची नाही.
"एवढं सोनं घालून झोपती ही, टोचत नसंल का?"
"चार बाया घरात, अन् भांड्याचा आवाज कामून नाही?"
मी हूक लावता लावता हसायची.
मला काय, माझं पोट त्याच नटीवर:
पोरी मोबाइलात फोटो घेऊन येतात, अस्साच पाहिजे पाठीवरून.
मी शिवून देते. सांगत नाही
की हा ब्लाउज नुसतं उभं राहण्यासाठी बेतलाय,
हात फळीवरच्या डब्यापर्यंत गेला की काखेत उसवतो.

मंचकराव आले मंगळवारी.
नांदेडकडची पॅसेंजर दोन तास उशिरा,
आणि ते अकरा वर्षं.
वारा नव्हता. नवव्या दिवशी नळ आलता गल्लीला,
हंड्याला हंडा लागलेला,
हलीमाबीचा पाइप चौत्राबाईच्या पाइपात अडकलेला,
त्यावरून दोघींची जुंपलेली,
आणि समोर कुणी येऊन उभं राहिलं,
हातात सुरतेच्या कुठल्याशा दुकानाची पिशवी.
तिनं बघितलं. एकदाच, तीनदा नाही.
म्हणाली, "थांबा जरा. हंडा भरू द्या."

ते थांबले.
भरल्यावर त्यांनीच उचलला.
आत नेऊन कुठं ठेवायचा, ते मात्र
विचारावं लागलं.

गल्लीनं विचारलं, डोक्याला मार लागलता का?
आठवण गेलती का?
हलीमाबी शपथेवर सांगायला तयार, असं होतंय,
तिनं पाहिलंय, रात्री आठच्याला.
नाही. सगळं आठवत होतं त्यांना.
पोरीचा जन्मवार. मोंढ्यातली साडेतीनशेची उधारी.
निघाले त्या सकाळी कोणती भाजी होती, तेसुद्धा.
तेच तर कुणाला पचंना.
विसरलेल्या माणसाला माफ करणं सोपं जातं,
म्हणून ते लिहिणारे आधी त्याच्या डोक्यात दगड घालत असतील.

तहसिलीत बाबू म्हणाला, कार्डावर नाव नाही.
"मी समोर उभा हाय की."
"समोर उभं राहून काय करता, कागद आणा."
कागद निघाला, आणि त्याच महिन्यापासून
चौत्राबाईचा निराधारचा पगार बंद.
कुठली जाऊ नाही कट करणारी, दुधात विष नाही,
खोटी सही नाही,
नवरा जिवंत निघाला, एवढंच.

ती रडली का, बाया मला विचारतात.
मला काय माहीत. आमची भिंत एक,
भिंतीतून भाकरी थापल्याचं ऐकू येतं,
पहिल्यापेक्षा तीन भाकरी जास्त.

परवा साडेसातला ती आली. मागून ते,
बाहेर कट्ट्यावर टेकले,
आत या कुणी म्हणालं नाही. मीपण नाही.
पडद्यावर दोन महिन्यांनी एकदाचं तोंड दिसलं:
नवाच नट, जुना परवडला नसणार.
तरी बाईनं झटक्यात ओळखलं आणि कोसळली,
कोसळतानाही पदर जागचा हलला नाही.

"कोण हा?" बाहेरून आवाज.
"नवरा हाय तिचा. मेलता."
"मग?"
चौत्राबाईनं मान वळवली नाही.
"मग काय. उद्या बगा."