मनी

डॉक्टरीणबाई धारवाडहून येतात, दर गुरुवारी,
सकाळच्या पॅसेंजरने.
खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, लसीच्या खोलीला लागून,
आम्हांला एक खोली दिलीय :
खुर्च्या सहा, बाक एक, माणसं अकरा.

मी दुभाषा. म्हणजे पगार शिपायाचा
आणि बसायचं दोन भाषांच्या उंबऱ्यावर.
आई कानडी, बाप मराठी,
घरात भांडण दोन्हींत व्हायचं,
समेट मात्र कुठल्याच भाषेत नाही, नुसता चहा.
तेवढ्या भांडवलावर ही नोकरी.

गावात त्यांना ‘लिबियावाले’ म्हणतात, अजून.
नंदगडच्या एकाच गल्लीतली सोळा घरं
नऊ वर्षं बेंगाझीत होती.
गवंडी, आचारी, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या बायका.
पोरं तिथल्याच शाळेत, अरबीत पाढे म्हणणारी.
मग युद्ध आलं.
‘आलं म्हणजे काय,’ इनास सोज सांगतो,
‘आधी पाणी गेलं, मग लाइट,
मग शेजारी.’
बोटीवर दर डोई एक पिशवी.
इथं उतरले तर गल्ली तीच,
पण घराघरांत भावकीचे कांदे पसरलेले.

दस्तगीर मुल्ला कधी खुर्चीवर बसत नाही.
भिंतीला पाठ, तोंड दाराकडे.
पलीकडे कुंभाराची भट्टी आहे, कधीतरी आत एखादं मडकं फुटतं.
त्या दिवशी फुटलं
आणि हा साठीचा मिस्त्री बाकाखाली,
दोन्ही हात डोक्यावर.
कुणी हसलं नाही.
बाई उठल्या, फरशीवर त्याच्याशेजारी बसल्या,
साडी धुळीत. म्हणाल्या, ‘निधान, निधान.’
हे मी मराठीत सांगितलं नाही.
गरज पडली नाही.

फॉर्ममधला पहिलाच प्रश्न साधा होता.
बाईंनी तुळसाक्काला विचारलं,
‘निम्म मनी एल्लैत्रि?’
मी सांगितलं, तुमचं घर कुठं आहे, विचारतात.
तुळसाक्का मलाच रागावली.
‘खोटं नको सांगू बाबा. मी ऐकलंय.
मनी म्हणाल्या त्या.
मनी काय हाय, ते इचारतात.’
अक्का, कानडीत मनी म्हणजे घर.

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली.
बाहेर काजूच्या झाडाखाली कुणाचं तरी पोर
सलाइनची रिकामी बाटली फुटबॉलसारखी लाथाडत होतं.
मग म्हणाली, ‘मग बरोबरच इचारल्या की.’

आणि सांगायला लागली.
तिसरा मजला. जिन्यात अंधार.
दाराची किल्ली अजून कनवटीला (दाखवली तिने, पितळी, चपटी).
स्वयंपाकघरात परातीत कणीक,
वर ओलं फडकं.
‘मालक बिस्मिलं आणतो म्हणून गेले...’
बिस्मिलं? मी विचारलं.
‘मटार गे, तिकडं तसंच म्हणत्यात.’
गेले ते गेले.
ती कणीक तशीच ऱ्हायली.
फडकं वाळलं असेल. नऊवर नऊ वर्षं झाली आता.
‘जीव थाऱ्यावर नाही,’ ती म्हणाली,
आणि मी अडकलो.
जीव सापडला मला कानडीत,
थारा सापडेना.
मी शब्द चाचपत असताना बाईंनी हात वर केला :
‘बिडु. तिळीतु.’
राहू दे. कळलं.

घराच्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही.
साहेब विचारतील, मी म्हणालो.
विचारू देत, म्हणाल्या.

शेवटच्या अर्ध्या तासात माती.
कुंभाराकडून आणलेली, लाल, मळलेली.
काही करायचं नाही, नुसती हातात धरायची.
दस्तगीर विटा पाडतो, बोटाएवढ्या,
रांगेत मांडतो, मोडतो.
इनासला लाज वाटते, तरी करतो :
एक पाव, एक मासा.
तुळसाक्का पहिले तीन गुरुवार शिवलीही नाही.

आज तिने गोळा घेतला. मळला, मळत राहिली.
काही घडवलं नाही.
साडेपाचची गाडी, बाई निघाल्या,
मी खोलीला कुलूप घालायला वळलो तेव्हा
ती परत आत गेली,
नळावर पदराचा शेवट भिजवून,
पिळून,
मातीवर टाकता येईना म्हणून माझा रुमाल मागितला.
‘गुरुवारपर्यंत वाळंल की रे.’