धर्मशाळेत तीन दिवस

सोळा हिवाळे ती म्हणायची,
“ताई, एकदा उन्हाळ्यात ये ना आमच्याकडं.
इथं काय भाजून घ्यायलीस अंग!”
स्टेडियमच्या भिंतीला टेकून बांबूचं दुकान,
स्वेटरच्या ढिगामागं यांगझोम.
तिच्या जाकिटांच्या बिघडलेल्या चेनी
मी बदलून द्यायचे,
दहाला एक. कडाक्याची पडली की पंधरा.

औंदा गेले.
परभणीचा पारा चव्वेचाळीसला टेकला, तेव्हा
मशीनवर झाकण घातलं
आणि भाच्याच्या ऑफिसातल्या लोकांसोबत
सचखंडात बसले. वाटेत कुणीतरी खिडकीतून
लंगरची खिचडी दिली. अमृतसरपासून बस,
वळणावळणावर ओकत.

गावाचं नावच धर्मशाळा.
आपल्याकडं धर्मशाळेत
तीन रात्रींवर ठेवून घेत नाही मुनीम.
वहीत लिहितो: कुठून आलात, कुठं जाणार.
ही माणसं उतरली
त्याला साठाच्या वर वर्षं झाली.
पहिला रकाना भरलाय.
दुसरा कोराच.

बाकीचे धबधब्याला गेले,
बर्फाच्या डोंगराला पाठ करून फोटो काढले.
मी देवळाच्या पितळी चाकांपाशी थांबले.
हात लावला, तर हात सवयीनं
मशीनचं चाक फिरवतो तसा
स्वतःकडं फिरला.
एका सुरकुतल्या म्हातारीनं माझं मनगट धरून
उलटीकडून फिरवायला लावलं, आणि हसली.
म्हणजे इतकी वर्षं मी
उसवतच होते की काय?

झाडाझाडाला पताका,
निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी,
आणि एकीच्याही कडेला तुरपाई नाही.
धागे सुटायलेत, म्हणलं.
सुटू दे, म्हणाली, त्यासाठीच बांधतात,
वाऱ्यानं न्यावं म्हणून.
शिवणाऱ्या बाईला हे पटायला
दोन दिवस लागले.

तिचं घर चढावर, एकशे बारा पायऱ्या.
चहात मीठ आणि लोणी.
पहिला घोट मी कसाबसा गिळला,
दुसरा कढी समजून प्याले.
भिंतीवर त्यांचा देव, त्याच्यापुढं सात वाट्या पाणी,
आणि शेजारी
परभणीच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचं कॅलेंडर!
दिवाळीच्या पाडव्याला लाल गोल.
“हे काय गं?”
“मग, निघायचं कधी ते कसं कळणार?”

गच्चीवर तिनं बोट दाखवलं,
त्या पांढऱ्याच्या पलीकडं, आणखी पलीकडं
आईचं गाव.
“बघितलंस?”
“कुठलं! माझा जन्म कर्नाटकातला,
स्वेटर लुधियान्याचे,
आणि तुझ्यासंगं बोलायले ती भाषा तुझी.
गावाला जाऊन येते म्हणायला
मला एक परभणीच आहे, ताई.”
मी डोंगराकडं बघत राहिले.
उन्हात तो इतका पांढरा होता
की डोळ्यांत पाणी आलं,
असं मी तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी निघाले.
मुनीम कुठं नव्हताच,
पण तीन रात्री झाल्या होत्या.

आता कार्तिक सरत आलाय.
सकाळी तोंडातून वाफा निघायल्यात,
विद्यापीठाचा पारा सातवर गेला म्हणे.
स्टेडियमची जागा यंदा मिळणार नाही,
अर्ज करा, असं महापालिकेनं कळवलंय.
यांगझोमला बोलता येतं, लिहिता येत नाही,
म्हणून खिडकीपाशी तिचा अर्ज मी भरायले.
नाव. धंदा. बांबू किती.
मग आला रकाना: कायमचा पत्ता.

ती माझ्याकडं बघायली.
दातात दोरा अडकल्यावर चेन थांबते तसा
माझा पेन थांबला.
मागं रांगेत मफलर गुंडाळलेला एक जण ओरडला,
“ओ बाई, उरका की,
थंडी वाजायली!”