पेटी १

बंगल्याच्या फाटकावर लाल रंगात तीन ओळी:
दारू चालणार नाही. डीजे चालणार नाही.
कुत्री-मांजरं चालणार नाहीत.
पहिल्या दोन्हींशी आमचा संबंध नाही.
तिसरी मागच्या सीटवर, नलूताईंच्या मांडीवर,
पेटीच्या खोळीत.

पेटी घरीच राहिली, वर्तकनगरला, दिवाणाखाली.
तिच्या जागी आमची खारी:
अर्धी पॉमेरियन, अर्धी गल्लीतलं कुणीतरी,
वय चौदा, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आणि आवाज गेल्याला वर्ष होत आलेलं.
म्हणून तर धाडस केलं.
भुंकणारं कुत्रं कोण नेईल लपवून?

समोरच्या कर्णिकांकडे ठेवली होती एकदा.
दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही,
माझ्या जुन्या सपातेवर हनुवटी टेकून पडून होती म्हणे.

उपवनचं तळं मागे पडलं, येऊरचा चढ लागला.
सुबोध आरशात बघून म्हणाला, शेपूट आत घ्या तिचं.
ईरा हसली. नलूताई हसल्या नाहीत.
त्यांनी बत्तीस वर्षं महापालिकेत
जन्ममृत्यूचे दाखले लिहिले,
एका दिवसानंही कुणाचं वय हलवलं नाही,
शाळाप्रवेशाला सख्ख्या भावाच्या मुलीचंसुद्धा.
घरात खारी जवळ आली की पाय वर घेतात.
पण खोळ शोभेल असं गाडीत दुसरं होतं कोण?

फाटकाशी लहानू. हातात वही.
माणसं किती? चार.
आणि ह्यात काय?

कुणी श्वास घेतला नाही.
खारीनं घेतला. भात्यासारखी हलली खोळ.
'पेटी,' म्हणाल्या नलूताई,
शिक्का मारावा तशा.
लहानूनं खोळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.
'आमच्या पाड्यावर भजन असतं. वाजवा की रात्री.'
'बघू. सूर उतरलेत जरा.'
त्यानं लिहून घेतलं: माणसं ४, पेटी १.

संध्याकाळी खारीनं प्रत्येक भिंत हुंगली,
न्हाणीघरात माझ्या परकरावर झोपली.
आम्ही पत्ते खेळलो, उगाच मोठ्यानं बोललो.

रात्री अडीचला रातकिडे थांबले.
एकदम. कुणी बटण दाबल्यासारखे.
आधी वाटलं, कपाट सरकवतंय कुणीतरी.
मग कळलं.
दाराच्या फटीला नाक लावून, पाठीवरचे केस ताठ,
आमची म्हातारी भुंकत होती.
फाटका, गंजका आवाज, कुठल्या तळातून उपसलेला.

तोंड धरा तिचं, म्हणाला सुबोध,
आणि स्वतःच जागचा हलला नाही.
ईरा उशीत तोंड खुपसून हसत होती की काय, दिसलं नाही.
अंधारातून नलूताई म्हणाल्या, 'भुंकू दे.'
सात वेळा. मी मोजलं.
नलूताई आठ म्हणतात,
आणि आकड्यांत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

सकाळी लहानू दूध घेऊन आला.
पायरीवर बसला. बराच वेळ आभाळच बघत होता.
'रात्री पेटी वाजली,' म्हणाला. 'काळी चार ना?'
नलूताईंनी कप खाली ठेवला.
'काळी पाच.'
'असेल,' म्हणाला. 'तो टाकीपर्यंत आला होता.
ठसे आहेत चिखलात, माझ्या पंजाएवढे.
आज पेटी दाराजवळ ठेवू नका.'
आणि दुधातलं थोडं बशीत ओतून
बशी पायरीवरच विसरून गेला.

निघताना नलूताईंनी वही मागितली,
पर्समधलं स्वतःचं पेन काढलं.
पेटीवर काट मारायची, खाली लिहायचं:
नाव, लिंग, वय. मग सही.
लहानू हळूच म्हणाला, 'मालक वाचतात, ताई.'

पेन तसंच राहिलं कागदावर, निळा ठिपका पसरत गेला.
मग टोपण लावल्याचा आवाज.

उतार, नाका, तळं, सिग्नल.
घर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.
हात मात्र खोळीत होता,
मनगटापर्यंत.