बाकी सर्व ठीक

नोव्हेंबरात शाळेला निघताना
आई निखाऱ्यातून चार चेस्टनट काढायची,
दोन झुल्मिराच्या खिशात, दोन माझ्या.
शाळा डोंगरापलीकडे, पाऊण तासाची चाल.
तेवढा वेळ बोटं उबेत राहायची
आणि पोचल्यावर तेच सोलून खायचे.
आम्ही दोघांनी असे आमचे हातमोजे खाल्ले,
चार हिवाळे.

गावाला भट्टी एकच, आमचा वार गुरुवार.
बाबा लांब दांड्याच्या फळीवरून पाव आत सारायचे
आणि न चुकता म्हणायचे,
"दार लावा रे, उन्हाळा पळून जाईल."
आम्ही दर गुरुवारी हसायचो.
आता विचार करतो तर
त्यात हसण्यासारखं विशेष काही नव्हतं.
पहिल्या गरम पावावर तेल आणि साखर.
त्याच्या पलीकडे काही मागावं
हे सुचलंच नाही कधी.

एकविसाव्या वर्षी लिस्बनच्या धक्क्यावर जहाजात चढलो.
समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला
आणि संध्याकाळपर्यंत त्याचा कंटाळाही आला.
गिनीत चिखल होता.
नदी दिवसातून दोनदा उलटी वाहायची.
याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही,
इथंही सांगणार नाही.

घरी लिहायला पिवळी हवाईपत्रं मिळायची, बिनतिकिटाची.
शेजारी फिर्मिनोची वळकटी बांधून ठेवलेली,
ती न्यायला कुणी आलेलं नसायचं,
आणि मी लिहायचो:
इथे आंबे फार. स्वयंपाकी बरा आहे.
काळजी करू नये. बाकी सर्व ठीक.

आईला अक्षरओळख नव्हती.
पोस्टातल्या एर्मेलिंडाबाई वाचून दाखवायच्या,
उत्तरही त्याच लिहायच्या, गोल, सावकाश अक्षरात:
डुकरिणीला नऊ पिल्लं झाली, एक दगावलं.
बाबा विचारतात, तिकडे पाव कसला असतो?
बाबांचे आशीर्वाद. बाकी सर्व ठीक.

पुढे कधीतरी बाबांचे प्रश्न यायचे थांबले.
आशीर्वाद येत राहिले.
माझ्या लक्षात आलं नाही.
मी बावीस वर्षांचा होतो आणि मला झोप हवी होती.

परतलो तो मार्च.
ब्रागान्साची बस वळणावर थांबली,
झुल्मिरा उभी होती, नखशिखांत काळ्या कपड्यात.
मी विचारलं नाही, ती बोलली नाही.
तिनं माझी पेटी उचलली, मी हिसकावून घेतली,
तिनं पुन्हा उचलली,
असे भांडत आम्ही चढ चढलो.

आठ महिने झाले होते.
आठ महिने, सोळा पत्रं, सोळा आशीर्वाद.
आई परातीत पीठ मळत होती, हात थांबवले नाहीत.
म्हणाली, "तू तरी कुठं खरं लिहीत होतास?"
"आंबे खरे होते," मी म्हणालो.
"डुकरीणही खरी होती," ती म्हणाली.

दर मे महिन्यात आमच्या तुकडीचं जेवण असतं.
चिखलाबद्दल कुणी बोलत नाही.
भांडण एकाच गोष्टीवर होतं,
स्वयंपाकी बेल्मिरो होता की बाल्तझार.
यंदा मी हार मानली: बाल्तझार.
बेल्मिरो म्हणणारा मी एकटाच उरलोय.

झुल्मिरा फ्रान्सला गेली, तिथंच म्हातारी झाली.
रविवारी फोन करते.
"कसा आहेस?"
"ठीक."
"खरं, की पोस्टातलं?"

बाहेर कुणीतरी पालापाचोळा पेटवलाय,
धूर अंगणापर्यंत आलाय.
"पोस्टातलं," मी म्हणतो.
ती गप्प. मग विचारते, हात कुठायत तुझे?
"खिशात."
"काही आहे का त्यात?"
मी चाचपून बघतो, तिच्यासाठी.
चावी आहे. रुमाल आहे.